रविवार आला कुठून? नोकरी, रजा आणि एकट्याची भटकंती

आजच्या भागात एका अगदी रोजच्या गोष्टीचा इतिहास बघूया. शुक्रवारी ऑफिस सुटलं की सॅक पाठीला लावायची, रात्रीची एसटी पकडायची, दोन दिवस एकट्यानेच भटकायचं आणि सोमवारी सकाळी पुन्हा लॉगिन. हे जमवणारे तुमच्यातले बरेच जण असतील. 'नोकरी सांभाळून एवढं फिरायला वेळ कसा मिळतो?' हा प्रश्नही तुम्हाला घरीदारी सतत विचारला जात असेल. पण त्याच्याही आधीचा एक प्रश्न आहे. ही सुट्टी आपल्याला दिली कुणी?

चला, १८८० च्या दशकातल्या मुंबईत जाऊ. गिरण्यांचे भोंगे वाजतायत. विजेचे दिवे अजून सगळीकडे आलेले नाहीत, त्यामुळे दिवस उजाडला की काम सुरू आणि अंधार पडला की काम बंद. आठवड्याची हक्काची सुट्टी? नाहीच. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा होता, पण तो मुख्यतः लहान मुलांपुरता. त्यांना महिन्यातून चार सुट्ट्या. मोठ्या माणसांसाठी काहीच नाही.

या गिरणी कामगारांमध्ये काम करत होते नारायण मेघाजी लोखंडे. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतले कार्यकर्ते आणि 'दीनबंधु' या पत्राचे संपादक. १८८४ साली त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचं निवेदन तयार केलं. त्यात पहिली मागणी होती रविवारच्या सुट्टीची. त्याशिवाय दुपारी अर्धा तास विश्रांती आणि पगार वेळेवर. आज वाचताना वाटतं, किती साध्या मागण्या! पण त्यांनाही सहा वर्षं लागली. २४ एप्रिल १८९० ला मुंबईत मोठी सभा झाली, सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या, हे मुद्दाम लक्षात ठेवा. अखेर १० जून १८९० ला गिरणी मालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी, १८९१ च्या कायद्यात, आठवड्याची सुट्टी आली.

रविवारच का, यावर एक गोष्ट सांगतात. रविवार हा खंडोबाचा वार, म्हणून कामगारांना तो देवासाठी हवा, असा लोखंड्यांचा युक्तिवाद होता म्हणे. म्हणजे आपल्या वीकेंडच्या मुळाशी साहेबाच्या चर्चबरोबर जेजुरीचा भंडाराही आहे!

आता, एका दिवसात जाणार कुठे? गिरणीतला माणूस बहुधा कोकणातला, नाहीतर घाटावरचा. त्याला प्रवास करायचा असायचा तो गावी: गणपतीला, शिमग्याला, पेरणीला, लग्नकार्याला. भरपगारी रजा नव्हती. मग तो काय करायचा? आपल्या जागी दुसरा माणूस उभा करायचा. त्याला म्हणायचे 'बदली'. बदली कामगार रोज सकाळी गिरणीच्या गेटवर येऊन उभा राहायचा. कुणी आलं नसेल तर त्याला काम, नाहीतर रिकाम्या हाताने घरी. एकाच्या सुट्टीवर दुसऱ्याची चूल पेटायची, आणि ती कधी पेटेल याची खात्री नसायची. हा शब्द डोक्यात ठेवा, आपण शेवटी त्याच्याकडे परत येणार आहोत.

भरपगारी रजेचं पुढचं पाऊल पडलं ते १९४५ मध्ये. तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं होतं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे. त्यांच्या काळात फॅक्टरी कायद्यात दुरुस्ती होऊन भरपगारी सुट्टीची तरतूद आली. मग १९४८ चा नवा कायदा: कामाच्या दर २० दिवसांमागे एक दिवस रजा. तुमच्या एचआर ॲपमध्ये 'अर्न्ड लीव्ह' असा शब्द दिसतो ना? त्याचा अर्थ शब्दशः 'कमावलेली रजा'. काम करून मिळवलेली. साहेबाने खूश होऊन दिलेली बक्षिसी नव्हे. १९५६ पासून केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना रजा प्रवास सवलत, म्हणजे एलटीसी, मिळू लागली. सुरुवातीला ती मूळ गावी जाण्यासाठी होती, देशात कुठेही फिरण्याची सोय नंतर आली. बघा हं, गावी जाण्यापासून स्वतःसाठी फिरण्यापर्यंत यायला एवढी वर्षं लागली.

बरं, रजा कमी आणि भटकायची हौस जास्त, अशा माणसांनी काय केलं? दोन उदाहरणं सांगतो.

पहिले दामोदर धर्मानंद कोसंबी. जन्म १९०७, गोव्यातला. पेशाने गणितज्ञ. आधी फर्ग्युसन कॉलेजात शिकवत होते, १९४० च्या दशकाच्या मध्यापासून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. राहायला मात्र पुण्यात. त्यामुळे येणं-जाणं डेक्कन क्वीनने. गंमत म्हणजे १ जून १९३० ला सुरू झालेली ही गाडी आधी वीकेंडची गाडी होती, पुण्याच्या घोड्यांच्या शर्यतींना येणाऱ्या श्रीमंतांसाठी. पुढे ती नोकरदारांची झाली. कोसंबी तिच्यात बसून वाचन करायचे. आणि सुट्टी मिळाली की पुण्याच्या आसपास पायी फिरायचे. घरामागच्या टेकडीवर त्यांना अश्मयुगातली बारीक दगडी हत्यारं मिळाली. गावोगावचे म्हसोबा, वेताळ, त्यांच्या जत्रा, कार्ले-भाजे-जुन्नरची लेणी आणि त्यांच्याजवळून जाणाऱ्या जुन्या व्यापारी वाटा, हे सगळं त्यांनी पायांनी वाचलं. कधी एकटे, कधी सोबत्यांना घेऊन. यातूनच १९५६ चं भारताच्या इतिहासावरचं त्यांचं पुस्तक उभं राहिलं. हिमालय गाठण्याइतकी रजा नसेल, तर घरापासून दिवसभराच्या अंतरातही आयुष्यभर पुरेल एवढं बघण्यासारखं असतं, हे त्यांनी दाखवून दिलं. पण गोष्ट इथे गोड संपत नाही. १९६२ मध्ये संस्थेने त्यांचा करार पुढे वाढवला नाही. त्याची कारणं अनेक सांगितली जातात, मतभेदही होते. संस्थेला गणितज्ञ हवा होता आणि या माणसाचा जीव इतिहासात गुंतला होता, ही ओढाताण त्यात होतीच.

दुसऱ्या इरावती कर्वे. जन्म १९०५, ब्रह्मदेशातला. १९३९ पासून डेक्कन कॉलेजात. त्यांनी वेगळी वाट निवडली: प्रवास हीच नोकरी. मानववंशशास्त्राच्या अभ्यासासाठी त्या देशभर फिरल्या. नातेसंबंधांवरचा त्यांचा ग्रंथ १९५३ मध्ये आला. पंढरीच्या वारीत चालल्या, त्यावर लिहिलं. घरी तीन मुलं. हे शक्य झालं त्यात पती दिनकर कर्वे यांचा मोठा वाटा होता. बाहेर पडणाऱ्या बाईच्या मागे घर कोण बघतं, हा प्रश्न तेव्हाही होता, आजही आहे. एकटीने फिरणाऱ्या मैत्रिणींना विचारून बघा. बॉसची परवानगी मिळवणं सोपं वाटावं इतकी घरची अवघड असते.

मग आज आपण कुठे आहोत? महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठ दिवसांची किरकोळ रजा आहे, २४० दिवस भरले की दर २० दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा आहे, आणि ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' पास चार किंवा सात दिवसांचा मिळतो. हिशोब जुळतोय ना? शनिवार-रविवारला जोडून पाच दिवस रजा टाकली की सात दिवसांचा पास पुरेपूर वसूल!

पण टाकताना तो 'बदली' आठवा. तुम्ही रायगडावर सूर्योदय बघताय तेव्हा तुमचे फोन कुणीतरी घेतंय. आज तो गेटवर उभा नसतो, शेजारच्या डेस्कवर असतो. त्याला आधी सांगा, काम नीट लिहून सोपवा, आणि त्याची पाळी आली की तुम्ही त्याचे बदली व्हा. जो दुसऱ्याची रजा सांभाळतो, त्याची रजा मागताना जीभ अडखळत नाही.

आणि ज्यांच्याकडे रजेचं ॲपच नाही त्यांचं काय? रात्री साडेदहाला तुमचं जेवण घेऊन येणारा, ज्याने बाइक थांबवली की कमाई थांबते, तो पुन्हा १८८९ मध्येच उभा आहे. त्याचा रविवार अजून यायचाय.

म्हणून शिल्लक रजा वाया घालवू नका. पुढच्या सहलीचा अर्ज आजच टाका, आणि निघताना शेजारच्या डेस्कवाल्यालाही विचारा, 'तू कधी जातोयस?'

भेटू पुढच्या भागात. तोवर फिरत राहा, ऐकत राहा!