जुन्या गाडीतला आवाज नेमका कुठून येतोय?

सेकंड हँड गाडी घेतली आणि महिन्याभरात ६० च्या पुढे घूंऽऽ असा आवाज सुरू झाला. मेकॅनिक म्हणाला, "गिअरबॉक्स उघडावा लागेल." खर्च ऐकून मी थांबलो. कोडमधला बग शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलतात, तेच इथे केलं.

मोकळ्या रस्त्यावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकली (इंजिन बंद करू नका, ब्रेक आणि स्टिअरिंग जड होतात). आरपीएम उतरले, आवाज तसाच. म्हणजे इंजिन सुटलं. गिअरबॉक्सवर संशय उरलाच, कारण त्याचे काही भाग चाकांबरोबर फिरतच राहतात. मग स्टिअरिंग हलकंसं उजवीकडे घेतलं की आवाज वाढायचा, डावीकडे घेतलं की कमी व्हायचा. उजव्या वळणावर भार डाव्या चाकांवर जातो, म्हणजे डावं व्हील बेअरिंग! पुढचं डावं चाक जॅकवर उचलून हाताने फिरवलं, तर सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवलेल्या दुसऱ्या हाताला खरखर जाणवली. बेअरिंग बदललं, आवाज गेला. गिअरबॉक्सला हातही लावला नाही.

टायर असमान झिजले तरी असाच आवाज येतो. पुढचे टायर मागे टाकून बघा, आवाजाची जागा बदलली तर दोष टायरचा. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर कट-कट आली तर बहुतेक सीव्ही जॉइंट. स्पीडब्रेकरवरच्या खडखडीला आधी लिंक रॉड तपासा, स्वस्तात सुटतं. बेअरिंगचं मात्र लांबवू नका. झीज वाढली की चाक डगमगायला लागतं.