पट्टा सरकण्याआधी

औरंगाबादजवळ (आता छत्रपती संभाजीनगर) शेंद्र्याला 2001 मध्ये स्कोडाच्या ऑक्टाव्हिया मोटारींची जुळणी सुरू झाली. सुटे भाग आले ते परदेशातून. तिकडे बनलेला भाग इथल्या कामगाराने उचलावा आणि तो न घासता, न ठोकता जागेवर बसावा, याचे आपल्याला आज नवल वाटत नाही. 1890 च्या दशकात ते नक्कीच वाटले असते.

त्या काळी पॅरिसच्या पॅनार-लवासोर कंपनीत कुशल फिटर कानस घेऊन उभे असत. निरनिराळ्या कार्यशाळांतून आलेले भाग मापात थोडेफार चुकलेले असायचे. दुसरा भाग पहिल्यात बसेपर्यंत घासायचा, मग तिसरा त्या दोघांत. साहजिकच एकाच आराखड्याच्या दोन मोटारी हुबेहूब सारख्या निघत नसत.

1908 मध्ये इंग्लंडात ब्रुकलँड्स येथे तीन कॅडिलॅक मोटारी पूर्ण खोलल्या, भागांची सरमिसळ केली आणि पुन्हा जोडल्या. तिन्ही 500 मैल धावल्या! आमच्या मते खरी क्रांती ही. पट्टा नंतरचा. एकच भाग जरी घासत बसावे लागले, तरी सगळी रांग थांबणार. (एकाच मापाचे नट-बोल्ट दोन दुकानांतून आणून वर्गात अदलाबदल करून पाहावी.)

फोर्डच्या हायलँड पार्क कारखान्यात 1913 पर्यंत मोटार जागेवर उभी असे आणि कामगारांच्या टोळ्या फिरत. मग शिकागोच्या खाटिकखान्यांतील सरकत्या सांगाड्यांसारखी मोटारच सरकू लागली. सांगाड्याच्या जुळणीला लागणारे साडेबारा तास 1914 मध्ये 93 मिनिटांवर आले.

पण तोच एक नट दिवसभर पिळायला माणसे टिकेनात. 1913 मध्ये सुमारे 14,000 जागा भरलेल्या ठेवण्यासाठी 52,000 वर माणसे नेमावी लागली. जानेवारी 1914 मधील आठ तासांना पाच डॉलर ही घोषणा म्हणजे निव्वळ औदार्य नव्हे, ते यातून कळते.

मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सने 1928 मध्ये जुळणी सुरू केली. भाग बोटीने येत. 1953 मध्ये सरकारने, भाग इथेच बनवणाऱ्यांनाच परवानगी, असे धोरण घेतले आणि 1954 मध्ये ती जुळणी थांबली. वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये स्थापलेली प्रीमियर मात्र टिकली. वाळूजला 1985 मध्ये बजाजचा कारखाना आला, तेव्हा त्याच्या आसपास सुटे भाग बनवणारे छोटे कारखानेही उभे राहिले. तिथे कानशीपेक्षा गेजला मान होता.