रेल्वेविना गेवराई : दोन लोहमार्गांच्या मधोमध राहिलेल्या गावाचा इतिहास

१/
बीड जिल्ह्यातील गेवराई येथे रेल्वेचा वारसा शोधत गेलेल्या प्रवाशाला स्थानक, मालधक्का, इंजिनांचे कारखाने यांपैकी काहीही सापडत नाही. या गावात रेल्वे कधी आलीच नाही. तरीही गेवराईला रेल्वेचा इतिहास आहे. लोहमार्ग कोठून गेले आणि कोठून गेले नाहीत, यावरून गेल्या सव्वाशे वर्षांत या तालुक्याचे बरेच काही ठरले. हा धागा त्या इतिहासाविषयी आहे.

२/
प्रथम भूगोल. सह्याद्रीने अडवलेल्या पावसाचा उरलासुरला वाटा मराठवाड्याला मिळतो. गेवराई या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात येते. हे वाळवंट नव्हे. जमीन काळी आहे, कापूस, ज्वारी व बाजरी पिकवणारी आहे. परंतु एखादे वर्ष पाऊस रुसला की हाच मुलूख ओसाड दिसू लागतो. तालुक्याच्या उत्तर सीमेवरून मात्र गोदावरी वाहते. कोरडा मुलूख आणि कडेला मोठी नदी, ही या भागाची मूळ रचना आहे.

३/
रेल्वेपूर्व काळात या भागाचे महत्त्व नदीच्या उतारांमुळे होते. दक्षिणेकडून औरंगाबादेस जाणाऱ्या सैन्याला, व्यापाऱ्याला वा यात्रेकरूला गोदावरी ओलांडावीच लागे. उन्हाळ्यात ती पायी उतरता येई. पावसाळ्यात तीच नदी वाट अडवून बसे. याच अडथळ्याने १७६३ मध्ये मराठी सत्तेचे भवितव्य ठरवले.

४/
स्थळ : राक्षसभुवन, गेवराई तालुका. दिनांक : १० ऑगस्ट १७६३. पानिपताच्या आघातास जेमतेम अडीच वर्षे झाली होती. त्याच वर्षी निजाम अलीच्या फौजांनी पुणे लुटले होते. पुढे निजाम औरंगाबादेकडे निघाला आणि राक्षसभुवनाजवळ गोदावरी उतरू लागला. तो स्वतः काही सैन्यासह उत्तर तीरावर पोहोचला. त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेली फौज घेऊन दक्षिण तीरावरच होता. मध्ये भरलेली नदी होती.

५/
नेमक्या या वेळी राघोबादादा व माधवराव पेशवे चालून आले. नागपूरकर जानोजी भोसले आधीच निजामाच्या पक्षातून फुटला होता. लढाईत राघोबादादा शत्रूच्या गराड्यात सापडले असता अवघ्या अठरा वर्षांच्या माधवरावांनी धावून जाऊन डाव सावरला. विठ्ठल सुंदर मारला गेला. पलीकडच्या तीरावरून निजामाला आपल्या दिवाणाचा नाश पाहण्यापलीकडे फारसे काही करता आले नाही. पुढील तहात सुमारे ८२ लाख उत्पन्नाचा मुलूख पेशव्यांकडे आला.

६/
या लढाईतून एक गोष्ट ध्यानी घ्यावी. गेवराईचा परिसर तेव्हा आडबाजूला नव्हता, रहदारीच्या वाटेवर होता. ज्याला उत्तर-दक्षिण जायचे असे, त्याला इकडे यावेच लागे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र वाटांचा नकाशाच बदलला.

७/
१८९९ ते १९०१ या काळात हैदराबाद–गोदावरी खोरे रेल्वेचा मीटरगेज मार्ग खुला झाला. हैदराबादेहून निघणारा हा मार्ग बासरजवळ गोदावरी ओलांडतो आणि पुढे नांदेड, परभणी, जालना, औरंगाबाद करीत मनमाडला मिळतो. म्हणजे बासरपासून मनमाडपर्यंत तो नदीच्या उत्तरेलाच राहतो. गेवराई दक्षिण तीरावर. नावात गोदावरीचे खोरे असलेली रेल्वे त्या खोऱ्याच्या एकाच काठाला लाभली.

८/
दक्षिणेकडे दुसरा मार्ग तयार होत होता. १८९७ मध्ये एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याची बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. रुळांमधले अंतर अवघे अडीच फूट. बार्शी रोड म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत धावणारी ही छोटी गाडी १९११ पर्यंत लातूरला पोहोचली. बालाघाटच्या दक्षिणेकडील माल या मार्गाने मुख्य लोहमार्गाकडे जाऊ लागला. गेवराईपर्यंत मात्र तीही आली नाही.

९/
पश्चिमेला दौंड–मनमाड मार्ग १८७८ मध्येच सुरू झाला होता व त्यावर अहमदनगर होते. परंतु नगर मुंबई इलाख्यात, तर बीड निजामाच्या राज्यात. पूर्वेला १९३० च्या सुमारास परभणीकडून परळीपर्यंत रूळ आले. पण परळी आजच्या बीड जिल्ह्याच्या अगदी दुसऱ्या टोकाला. नकाशावर हे सर्व मार्ग जोडून पाहिले, तर त्यांच्या मधोमध एक मोठी रिकामी जागा उरते. गेवराई त्या रिकाम्या जागेत आहे.

१०/
या रिकाम्या जागेचा अर्थ काय? बाजारपेठेच्या दृष्टीने पाहता, कापूस पिकवणारा शेतकरी रुळांपासून दूर असेल, तर त्याचा माल आधी बैलगाडीने स्थानकापर्यंत जावा लागतो. भरलेली गाडी दिवसाला पंचवीस-तीस किलोमीटर चालते. जालना गेवराईहून त्या वेगाने दोन-तीन मुक्कामांवर, आणि वाटेत गोदावरी. ज्या गावी स्थानक, त्या गावी आडत, गोदामे, जिनिंग व प्रेस. जालना व बार्शी या पेठा रेल्वेच्या काळात मोठ्या झाल्या, यामागे हे साधे गणित आहे.

११/
दुष्काळात हे गणित अधिक क्रूर होते. १८९९–१९०० च्या दुष्काळात अन्नाइतकाच चाऱ्याचा तुटवडा पडला आणि दख्खनमध्ये जनावरे मोठ्या संख्येने मेली. रेल्वे धान्य स्थानकापर्यंत आणू शकते. त्यापुढचा प्रवास बैलांवर अवलंबून. बैलच उरले नाहीत, तर स्थानकावर पोहोचलेले धान्य रुळांपासून दूरच्या खेड्यात कसे जाणार? म्हणून वसाहतकाळातील रेल्वेने दुष्काळाची झळ कमी केली की नाही, हा प्रश्न विचारताना आणखी एक प्रश्न विचारावा लागतो : गाव रुळांपासून किती दूर होते?

१२/
१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली. सीमा पुसली गेली, तरी रूळ होते तेथेच राहिले. गेवराईचा आधार रस्ता हाच राहिला. आजचा धुळे–सोलापूर राष्ट्रीय महामार्ग गावावरून जातो आणि शहागडच्या पुलावरून गोदावरी ओलांडतो. याच भागातून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे ऊसतोड कामगारांच्या टोळ्या ट्रक-ट्रॅक्टरमधून पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात. भांडीकुंडी, लेकरे, जनावरे यांसह होणाऱ्या या स्थलांतरामागे पाणी व जमीन ही मोठी कारणे आहेतच. पण ज्या जिल्ह्यात शतकभर रेल्वे केवळ कडेला स्पर्शून गेली, तेथे कारखानदारी का रुजली नाही, हेही विसरता येत नाही.

१३/
पाण्याच्या बाबतीत बदल झाला तो पैठणमुळे. १९६५ मध्ये पायाभरणी झालेले जायकवाडी धरण १९७६ मध्ये राष्ट्राला अर्पण झाले. त्याचा १३२ किलोमीटर लांबीचा उजवा कालवा गेवराई तालुक्यातून माजलगावकडे जातो. १७६३ मध्ये ज्या नदीने एक सैन्य दोन भागांत तोडले, तिच्या पाण्याने आता दक्षिण तीरावरची शेते भिजतात. अर्थात धरणात पाणी असेल तेव्हाच.

१४/
रेल्वेची प्रतीक्षा त्याहून लांबली. अहमदनगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ मध्ये मंजूर झाला. २३ सप्टेंबर २०२२ रोजी आष्टीपर्यंतच्या ६६ किलोमीटरवर गाडी धावली. १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, अहिल्यानगरहून बीड शहरापर्यंत प्रवासी गाडी सुरू झाली. मंजुरी मिळाली तेव्हा जन्मलेले मूल पहिली गाडी पाहताना तीस वर्षांचे झाले होते. गेवराईहून हे स्थानक सुमारे तीस किलोमीटरवर आहे.

१५/
इतिहासप्रेमींनी गेवराईस जायचे तर पावसाळा सरताना जावे. गोदाकाठच्या राक्षसभुवन येथे शनीचे प्रसिद्ध मंदिर आहे. तेथून पात्राकडे पाहिले की मधल्या पाण्याने सैन्याची ताटातूट कशी झाली असेल, हे ग्रंथ वाचून कळते त्याहून लवकर कळते. जवळच पांचाळेश्वर आहे, महानुभाव पंथीयांचे आत्मतीर्थ. श्रीदत्तात्रेय तेथे नित्य भोजनास येतात, अशी श्रद्धा आहे. तलवाड्याच्या टेकडीवर त्वरितादेवीचे मंदिर आहे आणि तेथून भोवतालचा कोरडवाहू मुलूख दूरवर दिसतो.

१६/
रेल्वेचा इतिहास बहुधा जेथे रेल्वे पोहोचली, त्या गावांचा लिहिला जातो. तेथे कागदपत्रे असतात, इमारती असतात, जुनी इंजिने जपलेली असतात. जेथे ती पोहोचली नाही, तेथे जपण्यासारखे काही उरत नाही. उरतात लांबलेल्या वाटा आणि त्या वाटांनी चाललेली माणसे. गेवराईत रेल्वेचे संग्रहालय नाही. पण बीडच्या नव्या फलाटावर उतरून एसटीने गेवराईला जाणारा प्रवासी जे तीस किलोमीटर पार करतो, ते याच इतिहासाचे उरलेले अंतर आहे.