घरात हरवलेल्या पालीचा इतिहास

गेल्या जानेवारीत रात्री साडेअकराला ब्रिटनहून बहिणीचा फोन आला. मागे भाचीच्या रडण्याचा आवाज येत होता. तिने पाळलेली पाल, लेपर्ड गेको, काचेच्या पेटीतून निसटली होती. झाकण कुणी उघडं ठेवलं यावरून घरात एक भांडण आधीच होऊन गेलं होतं. त्यातच आमची अम्मी महिनाभरासाठी तिकडे गेलेली, आणि तिने चप्पल हातात घेतली होती. भाचीला पाल सापडण्याची घाई होतीच, पण नानीच्या आधी आपल्याला सापडावी ही घाई जास्त. "मामू, नानीला सांगा ना, मारू नका म्हणून."

मी इतिहासात रमणारा माणूस. पाल कशी शोधतात हे मला कुठून ठाऊक असणार? पण अम्मीच्या हातातल्या चपलेमागे बराच इतिहास आहे, हे फोनवर बोलता बोलता लक्षात आलं.

तिचं पहिलं म्हणणं असं की ही पाल विषारी आहे. पिवळं अंग, त्यावर काळे ठिपके, म्हणजे हा बिसखोपराच. या बिसखोपऱ्याची दहशत उत्तर हिंदुस्थानापासून आपल्याकडे सगळीकडे आहे. कुठे घोरपडीच्या पिल्लाला हे नाव देतात, कुठे या ठिपकेवाल्या पालीला. सातारला जन्मलेला आणि पुढे मुंबई इलाख्यात सरकारी नोकरी केलेला एडवर्ड हॅमिल्टन एटकेन 'ईएचए' या नावाने लिहायचा. 1883 साली त्याचं 'द ट्राइब्ज ऑन माय फ्रंटियर' आलं. त्याच वर्षी मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली आणि संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंगांच्या बरोबरीने हाही होता. त्या पुस्तकात त्याने बिसखोपऱ्याची भरपूर थट्टा केली आहे. त्याचा दंश जीवघेणा असतो याबद्दल म्हणे कुणालाच शंका नाही, फक्त असा प्राणी मुळात आहे की नाही एवढं ठरायचं बाकी आहे! त्याला सव्वाशेहून जास्त वर्षं झाली. भारतातल्या एकाही पालीला माणूस मारणारं विष नाही, तरी ठिपके दिसले की काठी उगारली जातेच.

अम्मीचं दुसरं म्हणणं हलक्यात घेण्यासारखं नव्हतं. पाल मारण्यात सवाब आहे, असं तिने लहानपणी मदरशात ऐकलेलं. हदीसच्या संग्रहांत हे आहे. हजरत इब्राहीम (अलै.) यांना आगीत टाकलं तेव्हा 'वझग' म्हणजे घरातली पाल ती आग फुंकत होती, म्हणून तिला मारायला सांगितलं, अशी रिवायत बुखारीत आहे. पहिल्याच फटक्यात मारणाऱ्याला जास्त सवाब, हे मुस्लिममध्ये. पण बुखारीतच हजरत आयशा (रजि.) यांचीही रिवायत आहे. प्रेषितांनी (स.) या पालीला उपद्रवी म्हटलं हे त्या सांगतात, पण मारण्याची आज्ञा आपण स्वतः ऐकली नाही, हेही त्या तिथेच सांगून ठेवतात. दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी नोंदवणारी ती परंपरा मला नेहमीच मोठी वाटत आली आहे. आपल्यापर्यंत मात्र त्यातली एकच पोचली, ती चपलेसकट.

त्याच परंपरेत 'दब्ब'चीही गोष्ट आहे. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला ज्याचं तेल विकतात त्या सांड्याचा हा अरबी भाऊबंद. हजरत मैमूना (रजि.) यांच्या घरी तो भाजून दस्तरखानावर आला. आपल्या कौमच्या मुलुखात हा होत नाही, म्हणून प्रेषितांनी हात मागे घेतला, पण हराम म्हटलं नाही. हजरत खालिद बिन वलीद (रजि.) यांनी तो तिथेच खाल्ला. म्हणून शाफई मजहबात तो हलाल आणि हनफींकडे मकरूह. आम्ही कोकणी म्हणजे शाफई. "अम्मी, तुझ्या मजहबात तर याचा भाऊबंद खायलाही चालतो," असं मी म्हणालो, तेव्हा पलीकडून बराच वेळ आवाजच आला नाही. मुफ्तीगिरी करण्याचा माझा हक्क नाही, हे मला मान्य आहे. पण चप्पल खाली गेली, असं बहिणीने सांगितलं.

राहिला पाल शोधण्याचा प्रश्न. त्यासाठी ती मूळची कुठली ते पाहावं लागलं. इंग्रजांनी पंजाब गिळला 1849 साली. त्यानंतर पाचच वर्षांनी, 1854 मध्ये, कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयात तुटपुंज्या पगारावर खपणाऱ्या एडवर्ड ब्लाइथने या पालीचं शास्त्रीय वर्णन छापलं. नमुना होता पंजाबातल्या मिठाच्या डोंगरांचा, म्हणजे आजच्या पाकिस्तानातल्या सॉल्ट रेंजचा. याच डोंगरांतल्या नंदना किल्ल्यावरून अकराव्या शतकात अल-बिरूनीने पृथ्वीची त्रिज्या मोजली होती. कोरडा खडक, दिवसा भाजणारं ऊन, रात्री गारवा. तिथली ही पाल दिवसभर कपारीत दडते आणि अंधार पडला की बाहेर येते. आपल्या घरातल्या पालीसारख्या चिकट गाद्या तिच्या बोटांना नाहीत, त्यामुळे गुळगुळीत भिंत तिला चढता येत नाही. आणि तिला पापण्या असतात, मिटता येणाऱ्या. बहुतेक गेकोंना त्या नसतात. चरबी शेपटीत साठवलेली असल्यामुळे चार दिवसांच्या उपासाने ती मरणार नव्हती. तिचे सख्खे नातलग आपल्याही माळरानांवर आहेत. सातपुड्यातल्या एकाला तर 2014 साली त्या डोंगराचंच नाव मिळालं.

मग मी फोनवरून फर्मान सोडलं. छताकडे, पडद्यांवर, ट्यूबलाइटमागे पाहणं बंद करा, जमिनीलगत पाहा. बाहेर बर्फ आहे, म्हणजे ती ऊब धरून बसलेली असणार. फ्रिजच्या मागे, हीटरच्या नळांजवळ, ओट्याखालच्या फळीमागे. रात्री दिवे घालवा आणि बॅटरी घेऊन गुपचूप बसा. सापडली तर शेपटीला हात लावू नका, तुटून येईल. आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी, फ्रिजच्या कडेने पीठ भुरभुरून ठेवा, पावलं उमटतील.

पीठ अम्मीचंच गेलं. भाकरीसाठी इथून पिशवीत बांधून नेलेलं तांदळाचं. त्यावर ती काय बोलली ते इथे लिहीत नाही.

दोन रात्री काहीच नाही. भाची शाळेतून आली की आधी पीठ बघायची, मग दप्तर ठेवायची. तिसऱ्या दिवशी फजरला अम्मी वजू करायला उठली आणि स्वयंपाकघराच्या दारात थांबली. पिठावर दोन्ही बाजूंना बारीक पावलं आणि मधून शेपटीची रेघ, सरळ फ्रिजच्या मोटरीकडे गेलेली. बॅटरी मारली तर ती तिथेच, धुळीत, डोळे मिटून. अम्मीने भात गाळायची चाळणी अलगद तिच्यावर उपडी घातली, वर पाटा ठेवला आणि मगच नातीला हाक मारली. नमाज थोडी उशिरा झाली.

भाची पाल घेऊन पेटीकडे पळाली. अम्मीने चाळणी गरम पाण्याने तीनदा धुतली आणि बहिणीला नवीन आणायला सांगितली.