बक्षीस मिळवणारे लघुपट : गोष्ट खेड्याची, मग आपल्या वऱ्हाडाची कधी?

कौंडण्यपूर (ता. तिवसा) : लघुपट महोत्सवाच्या जाहिराती आता गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही येतात. कॉलेजातली पोरं मोबाईलवर शूटिंग करतात, गाणं चिकटवतात अन् पाठवून देतात. निकालात नाव आलं नाही की म्हणतात, तिथं ओळख लागते. ओळखीचं काय ते त्यांनाच माहीत. पण आजवर ज्या मराठी लघुपटांना मान मिळाला, ते एकदा समोर ठेवून पाहिले तर बऱ्याच गोष्टी उलगडतात.

लघुपट कशाला म्हणायचं?

रचलेली गोष्ट थोडक्यात सांगितली तर तो लघुपट. खरी माणसं, खरे प्रसंग टिपले तर तो माहितीपट. फॉर्म भरताना या दोन्हींत गल्लत होते, म्हणून हा फरक आधी लक्षात ठेवावा. लांबीचा नियम प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो. ऑस्करला शेवटच्या नामावलीसह ४० मिनिटांपर्यंतचा सिनेमा लघुपट धरतात. आपल्या राष्ट्रीय पुरस्कारांत सध्या ही मर्यादा ३० मिनिटांची आहे.

राष्ट्रीय पुरस्कार १९५४ मध्ये सुरू झाले. पहिल्याच वर्षी कथापटाचं सुवर्णपदक ‘श्यामची आई’ला मिळालं, तर माहितीपटाचं ‘महाबळीपुरम’ला. म्हणजे छोट्या सिनेमाला पहिल्यापासूनच मोठ्याच्या पंगतीत पाट आहे. १९९० पासून मुंबईत माहितीपट, लघुपट आणि अॅनिमेशनचा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरतो, त्याचं मोठं बक्षीस म्हणजे सुवर्णशंख. छत्रपती संभाजीनगरच्या अजिंठा-वेरूळ महोत्सवात खास मराठवाड्यातल्या पोरांसाठी लघुपट स्पर्धा घेतली जाते.

सुरुवात एका रोपापासून

शेतकऱ्याला आवडेल अशी एक गोष्ट इथं सांगायलाच पाहिजे. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, १९१२ मध्ये, एक छोटी फिल्म केली होती. तिच्यात ना राजा होता, ना राणी. कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा मांडला अन् रोज थोडं थोडं चित्रण करत गेले. पडद्यावर दाणा फुटून रोप वर येताना मिनिटभरात दिसलं. ती फिल्म दाखवून त्यांनी मोठ्या सिनेमासाठी पैसा उभा केला. पेरल्यापासून उगवेपर्यंत वाट पाहणं आपल्याला नवीन नाही. फाळक्यांनी तेच कॅमेऱ्यासमोर केलं.

मान मिळालेले मराठी लघुपट

गिरणी : उमेश कुलकर्णी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकत असतानाचा. घर चालवायला आई पिठाची गिरणी घेते आणि तिचा आवाज लहानग्या पोराच्या जीवावर येतो. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

पिस्तुल्या : नागराज मंजुळे. पारधी समाजातल्या, शाळेची ओढ असलेल्या पोराची गोष्ट. ५८ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत (२०१०) दिग्दर्शकाच्या पहिल्या सिनेमाचा पुरस्कार. मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे.

मित्रा : रवी जाधव. विजय तेंडुलकरांच्या कथेवरून. सर्वोत्कृष्ट लघुपट (२०१४).

औषध : अमोल देशमुख. सर्वोत्कृष्ट लघुपट (२०१५).

आबा... ऐकताय ना? : गोव्याचे आदित्य जांभळे. दिग्दर्शनाचा पुरस्कार (२०१६). पुढं त्यांच्याच ‘खरवस’ला २०१८ चा सर्वोत्कृष्ट लघुपटाचा मान विभागून मिळाला. पोटचं मूल गमावलेल्या बाईचं दुःख त्यात आहे.

मयत : सुयश शिंदे. सर्वोत्कृष्ट लघुपट (२०१७).

पावसाचा निबंध : पुन्हा नागराज मंजुळे. त्याच वर्षीचा दिग्दर्शनाचा पुरस्कार. गुरुजी पावसाच्या सौंदर्यावर निबंध लिहून आणायला सांगतात आणि इकडं पोराचं घर गळत असतं.

यांत सारखं काय आहे?

वरची यादी पुन्हा वाचा. पिठाची गिरणी, शाळा, खरवस, गळकं छप्पर. यातलं काही पाहायला परदेशात जावं लागत नाही. मोठा मारामारीचा प्रसंग नाही, शेवटी हात जोडून दिलेला उपदेश नाही. एकच वस्तू किंवा एकच प्रसंग धरला, अन् सारा सिनेमा त्याच्याभोवती फिरवला. ‘पावसाचा निबंध’मध्ये कोणी गरिबीवर भाषण देत नाही. निबंधाची वही अन् गळणारं घर समोरासमोर ठेवलं, पाहणाऱ्याला बाकीचं कळतं.

आपली पोरं चुकतात ते नेमकं इथं. दहा मिनिटांत दारूबंदी, हुंडा, कर्ज अन् स्वच्छता सारं भरायला जातात. एका वाफ्यात चार पिकं पेरली तर एकही धड येत नाही.

वऱ्हाडाची गोष्ट सांगितली ती दुसऱ्यांनी

आपल्या भागावर पुरस्कार मिळवणारे सिनेमे झालेच नाहीत असं नाही. लांबीनं लघुपट नव्हेत, पण दोन माहितीपटांची नावं घ्यावी लागतील. विदर्भातल्या कापूस उत्पादकांच्या आत्महत्यांवरच्या ‘कॉटन फॉर माय श्राउड’ला २०११ चा सर्वोत्कृष्ट शोधक माहितीपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो केला नंदन सक्सेना आणि कविता बहल या दिल्लीच्या जोडप्यानं. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातल्या तेलंग टाकळीत चित्रित झालेल्या ‘बिटर सीड्स’ला अॅमस्टरडॅमच्या माहितीपट महोत्सवात पर्यावरण विभागातलं बक्षीस मिळालं. तो अमेरिकेतल्या मिखा पेलेड यांचा. त्यात पत्रकार होऊ पाहणारी गावातलीच एक तरुण मुलगी बीटी बियाण्याची अन् कर्जाची माहिती काढत फिरते.

बाहेरच्यांनी हे काम केलं, चांगलं केलं. ते झालं नसतं तर आपल्या कास्तकाराचं मरण कागदावरचा आकडाच राहिलं असतं. पण त्यामुळं एक सवयही लागली. विदर्भ म्हटलं की कॅमेरा फाशीचा दोर अन् विधवेचं घर शोधतो. टीव्हीवर वऱ्हाडी बोली येते ती हसवण्यापुरती. रडणं अन् हसणं यांच्या मधात जे बारा महिन्यांचं जगणं आहे, ते पडद्यावर यायचं बाकीच आहे.

रातच्या लाईनीवर थंडीत ओलित करणारा माणूस. रोही हाकलायला मचाणावर जागलीला बसलेलं पोरगं. वेचणीचा किलोमागचा भाव ठरवणाऱ्या बाया. कौंडण्यपुरातून आषाढीला रुक्मिणीमातेची पालखी पंढरीला निघते, त्या दिवशी गावातलं एखादं रिकामं घर. यातल्या एकेका गोष्टीत दहा मिनिटांचा लघुपट आहे, अन् तो इथं राहणाऱ्यालाच जमेल. त्याला भाव माहीत आहे, बोली माहीत आहे, अंधार किती काळा असतो हेही माहीत आहे.

पाठवायचं असेल तर

आवाज आधी सांभाळा. चित्र थोडं कमी-जास्त चालतं, पण बोललेलं ऐकू आलं नाही तर परीक्षक पुढं पाहत नाही. वाऱ्याच्या दिवशी साधा कॉलर माईकही कामी येतो.

सिनेमातलं गाजलेलं गाणं वापरू नका. हक्क नसतील तर प्रवेशिका बाद होऊ शकते. गावातलं भजन, जात्यावरची ओवी गावच्याच बाईच्या तोंडून रेकॉर्ड करा, तिची परवानगी घेऊन.

बोली वऱ्हाडीच ठेवा, खाली इंग्रजी ओळी द्या. परीक्षकाला अर्थ लागतो अन् बोलीही राहते.

ज्याच्या घरात, शेतात चित्रण केलं त्याची लेखी संमती घ्या. दुखवट्याच्या घरी तर विचारल्याशिवाय कॅमेरा काढूच नका.

काही महोत्सवांना आधी यूट्यूबवर टाकलेली फिल्म चालत नाही. नियम वाचूनच अपलोड करा.

अन् बक्षीस मिळो ना मिळो, फिल्म आधी गावात दाखवा. शाळेची भिंत, एक पांढरी चादर अन् भाड्याचा प्रोजेक्टर पुरतो. ज्यांची गोष्ट आहे ते लोक पाहताना गप्प बसले तर फिल्म जमली. ते चुळबुळ करू लागले, तर कुठं काटछाट करायची ते तिथंच समजतं.