पोरांचे प्रश्न आणि आमचा धम्म



विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघत आहे. तुम्ही पोरांचा वर्ग घेता, तर त्याचा इतिहास लिहा, असे कमिटीने सांगितले. आम्ही सूतगिरणीतले कामगार. शाळा थोडी झाली, बाकीचे पाळी सुटल्यावर वाचून मिळवले. चूकभूल पदरात घ्यावी.

मागच्या वर्षावासात पंचशील झाल्यावर सहावीतल्या एका मुलीने विचारले, "काका, वेरमणी म्हणजे काय हो?" आम्ही गप्प झालो. अर्थ आता माहीत होता, पण तिच्या वयात आम्हाला नव्हता. तोंडपाठ म्हणायचो आणि मोकळे व्हायचो. विचारले असते तर सांगणारे कोण होते? तिला सांगितले, वेरमणी म्हणजे त्या गोष्टीपासून दूर राहणे. पुढचे सिक्खापद म्हणजे शिकण्याचा नियम आणि समादियामि म्हणजे तो मी आपणहून घेतो. यात कुणाची आज्ञा नाही. पोरगी म्हणाली, "मग हे आधी का नाही सांगितलं?"

सांगणारा भेटला तर काय होते, ते बाबासाहेबांच्या चरित्रात दिसते. 1907 साली ते मॅट्रिक झाले तेव्हा सत्कार झाला आणि कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांच्या हाती दिले. विद्यार्थ्याला धम्माची ओळख झाली ती अशी, एका मास्तराने दिलेल्या मराठी पुस्तकातून. पुढे पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात धर्मानंद कोसंबी पाली शिकवू लागले. पण तो वर्ग कॉलेजातल्या मुलांचा. आमच्या आज्याला पाटी मिळायची मारामार.

14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि 6 डिसेंबरला बाबासाहेब गेले. मध्ये अवघे 53 दिवस. लाखो लोक बौद्ध झाले आणि शिकवणारा निघून गेला. त्यांनी तयार केलेली बौद्ध पूजा पाठाची पुस्तिका तेवढी हातात होती. बुद्ध आणि त्यांचा धम्म हा ग्रंथ 1957 साली निघाला तो इंग्रजीत, मराठीत यायला आणखी बरीच वर्षे गेली. आमचे वडील सांगत, घरातले देव नीरा नदीत सोडले, पण त्या जागी काय म्हणायचे हे कुणाला नीट ठाऊक नव्हते. वस्तीत ज्याला अक्षर ओळख तोच गुरुजी. तो कंदिलाच्या उजेडात वाचायचा, बाकीचे मागून म्हणायचे. पाठांतराला आज कुणी नावे ठेवू नयेत, त्या लोकांनी ते जपले म्हणून आम्हाला मिळाले. पण साठ-सत्तर वर्षांनंतरही आम्ही तिथेच थांबलो, ही चूक आमची.

आपल्या भागात एक प्रश्न दरवर्षी येतो. तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर करत पंढरीला जाते. तेवढ्यात आपली आषाढी पौर्णिमा येते, भगवंतांनी सारनाथला पहिला उपदेश केला तो दिवस. पोरे पालखी बघून येतात आणि विचारतात, "काका, विठोबा म्हणजेच बुद्ध का?" हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. 25 डिसेंबर 1954 ला देहूरोडला रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना करताना बाबासाहेबांनीच सांगितले होते, की पंढरपूरचा विठोबा म्हणजे बुद्ध, हे मी लिहून सिद्ध करणार आहे. ते लिखाण पुरे झाले नाही. जुन्या पंचांगांत नवव्या अवताराच्या जागी बुद्ध म्हणून विठोबाचे चित्र असायचे. पण बुद्ध विष्णूचा अवतार नाही, असे बावीस प्रतिज्ञांतली पाचवी प्रतिज्ञा सांगते. आम्ही तिन्ही गोष्टी पोरांपुढे ठेवतो. काही पालक नाराज होतात, लहान वयात गोंधळ कशाला म्हणतात. आम्हाला तसे वाटत नाही. वारीत पाणी वाटायलाही पोरांना पाठवतो, त्यावरूनही दोन दिवस कुरबुर झाली.

जानेवारीत गाडी करून पोरांना लोणावळ्याजवळ कार्ल्याची लेणी दाखवली. दोन हजार वर्षांपूर्वीचे काम. राजाने सारे बांधले असेल, अशी पोरांची समजूत. पण लेखांत दान देणारे सिंहदत्त नावाचे गंधी आहेत, आणि दरवाजा केला तो धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने. जुन्नरच्या लेण्यांत तर बांबूकाम करणारे, कासार, धान्याचे व्यापारी यांच्या श्रेणींची नावे आहेत. श्रेणी म्हणजे आमच्या युनियनसारखेच काहीतरी. हे ऐकून वर्गातला एक सुताराचा मुलगा दारापुढून हलेना.

त्याच मुलीने तिथे विचारले, "काका, हे तुम्ही वाचून दाखवता का?" ब्राह्मी आम्हाला येत नाही, जे सांगितले ते पुस्तकातले. तिने मुळाक्षरांचा तक्ता मिळवला. आता रविवारी वंदनेनंतर ती अर्धा तास शिकवते, आणि पुढच्या रांगेत पाटी घेऊन आम्ही बसतो.