खाण थांबली की थांबवली?

कूळ आणि मालक यांचा दावा म्हणजे काय, हे अनगोळच्या जुन्या घरांत कोणाला समजावून सांगावे लागत नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होते. त्या राज्याच्या १९४८ च्या कूळकायद्यात एक कलम होते: जमीन सलग दोन वर्षे पडीक राहिली, तर सरकारला तिची व्यवस्था आपल्या हाती घेता येई. पण शेत पडीक टाकले, की पाऊस आणि बैल यांच्या अभावी ते पडीक राहिले? भांडण असते ते येथेच.

खाणींच्या पट्ट्यांबाबत हाच प्रश्न चोर्ला घाटाखालच्या गोव्यात अधिक गुंतागुंतीचा झाला. २० सप्टेंबर १९०६ च्या पोर्तुगीज फर्मानान्वये दिलेल्या खाण-सवलतींना मुदत नव्हती. १९८७ च्या कायद्याने त्या रद्द करून २० डिसेंबर १९६१ पासून त्यांचे पट्टे मानले. पट्टा म्हटला की भारतीय खाण कायदा आला, आणि त्यात कूळकायद्याची आठवण व्हावी असे कलम आहे: काम दोन वर्षे बंद राहिले तर पट्टा संपुष्टात येतो. गोव्यातील खाणींचे उत्खनन पावसाळ्यात थांबते. त्याला कोणी खाण सोडली असे म्हणत नाही. त्या दिवसांत खड्ड्यातले पाणी उपसणारे पंप मात्र चालू असतात. आता पंप चालू म्हणजे खाण चालू, असे म्हणावे काय?

अमेरिकेतील टेक्सास प्रांतात तेल-वायूच्या भाडेपट्ट्यांवर अशीच भांडणे झाली. तेथील पट्ट्याची मुदत बहुधा ‘उत्पादन होत राहील तोवर’ अशी असते. विहिरीतून थेंब थेंब तेल येत असेल, पण खर्च उत्पन्नाहून जास्त असेल, तर उत्पादन चालू मानायचे का? १९५९ च्या क्लिफ्टन विरुद्ध कून्ट्झ खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने चारदोन महिन्यांच्या हिशेबावर निकाल देण्यास नकार दिला. शहाणा व्यावसायिक नफ्याच्या आशेने ही विहीर चालवील, की केवळ पुढच्या तेजीच्या सट्ट्यासाठी जमीन अडवून बसेल, असा प्रश्न त्याने विचारला. आम्हांस ही कसोटी दिवस मोजण्यापेक्षा न्याय्य वाटते. जमीनमालकाला मात्र ती जड जाते, कारण दुसऱ्याच्या मनातला हेतू सिद्ध करणे सोपे नसते.

गोव्यात मात्र हा वाद एका विलक्षण वळणावर आला. १० सप्टेंबर २०१२ रोजी राज्य सरकारने उत्खनन स्थगित केले, आणि ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने ते थांबवले. म्हणजे काम पट्टेदाराने सोडले नव्हते. ते त्याच्याकडून सोडवले गेले. पण २१ एप्रिल २०१४ च्या निकालाने हा मुद्दाच मागे पडला. मानीव पट्टे २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपले होते, असे न्यायालयाने ठरवले. चीनच्या मागणीमुळे जहाजांमागून जहाजे खनिज भरून निघाली ती नेमक्या त्यानंतरच्या वर्षांत! उत्पादन जोरात आणि पट्टा मृत, असे चित्र टेक्सासच्या वकिलांनाही अपरिचित वाटले असते. पुढे दुसऱ्यांदा केलेली ८८ पट्ट्यांची नूतनीकरणेही ७ फेब्रुवारी २०१८ रोजी रद्द झाली आणि १६ मार्चपासून काम बंद पडले. ट्रकवाले आणि बार्जवाले यांची कोणत्याही पट्ट्यावर सही नव्हती. कर्जाचे हप्ते मात्र त्यांच्या नावावर होते.

२०२२ साली डिचोलीपासून पट्ट्यांचे लिलाव सुरू झाले. दरम्यान बंद खड्डे पावसाने भरत होते. खालच्या शेतांना आणि वाड्यांना धोका होऊ नये म्हणून ते पाणी उपसावेच लागते. पट्टा संपला म्हणून ते काम संपत नाही.